सैल-घट्ट होणारा पट्टा

कंबरेचा पट्टा आपण सगळेच सैल-घट्ट करतो. असाच पट्टा थेट जठराभोवती बांधावा, ही कल्पना मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली.

त्याआधी काय होतं? १९५०च्या दशकात लठ्ठपणावर उपाय म्हणून लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेऊ लागले. वजन उतरायचं, पण यकृताचे विकार, मुतखडे, कुपोषण मागे लागायचं. १९६६मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. तरी कापणं-जोडणं आलंच. ते टाळून काम भागेल का, हा खरा प्रश्न होता.

१९७८मध्ये विल्किन्सन यांनी जठराच्या वरच्या भागाभोवती जाळीची पट्टी गुंडाळली. पण ती मागाहून बदलता येईना. फार घट्ट बसली तर उलट्या, सैल राहिली तर उपयोग शून्य. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तोड निघाली. स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि फोर्सेल, तर अमेरिकेत युक्रेनियन वंशाचे लुबोमिर कुझमाक यांनी सिलिकॉनच्या पट्ट्याला आतून फुगा बसवला. त्याची नळी त्वचेखालच्या छोट्या डबीला जोडलेली. सुईनं डबीत सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. किती साधी युक्ती, बघा!

सप्टेंबर १९९३मध्ये बेल्जियमच्या ह्यूई गावी, इथिओपियात जन्मलेल्या मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला. मोठा छेद टळला. जून २००१मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली आणि मागणी वाढत गेली.

मग उतरण का लागली? पट्टा सरकायचा, जठराच्या भिंतीत रुतायचा, अन्ननलिका फुगायची. वजनही अनेकांचं अपेक्षेइतकं उतरेना. पुष्कळांना तो काढण्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं. दरम्यान जठराचा भाग कापून टाकणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया पुढे गेली. म्हणजे जे टाळायला निघालो, तिथेच परत आलो!

मग हा इतिहास फसलेला म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. पट्टा सैल-घट्ट करायला रुग्णाला वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे यावं लागे. लठ्ठपणा एका दिवसाच्या शस्त्रक्रियेनं मिटत नाही, तो सांभाळावा लागणारा दीर्घ आजार आहे, हे त्या येरझाऱ्यांनी दाखवून दिलं. आणि ‘काढता येतो’ याचा अर्थ ‘निर्धोक आहे’ असा होत नाही, हेही. हा दुसरा धडा रुग्णांनी आपल्या अंगावर सोसून शिकवलाय, एवढं विसरू नका.