एक फलक, अनेक भाषा

वस्तुसंग्रहालयातील वस्तू मुकी असते; तिला वाचा देतो तो तिच्याशेजारचा फलक. परंतु फलकाची भाषाच पाहणाऱ्यास अवगत नसेल, तर काय करावे? हा प्रश्न जुनाच आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतातील यवन राजे नाण्याच्या एका अंगावर ग्रीक, तर दुसऱ्या अंगावर खरोष्ठी लिपीत प्राकृत अक्षरे उमटवीत. १७९९ साली मिसर देशात सापडलेल्या रोझेटा शिलेवर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली आढळली. प्रजेपर्यंत पोहोचावयाचे, तर तिच्या भाषेतच बोलावे लागते, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

शिलेवर काय किंवा फलकावर काय, जागा थोडीच. ही अडचण एका जपानी शोधाने दूर केली. १९९४ साली मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा क्यूआर कोड तयार केला. २०११ साली इंग्लंडमधील डर्बी येथील संग्रहालयात त्याचा निराळाच उपयोग झाला. रॉजर बॅमकिन व टेरेन्स ईडन यांच्या ‘क्यूआरपीडिया’ योजनेत कोड एकच असे. पण तो टिपणाऱ्याच्या मोबाईलची जी भाषा, त्या भाषेतील विकिपीडियाचा लेख उपलब्ध असल्यास तोच समोर येई.

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांना या युक्तीचे मोल विशेष वाटावे. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्ह्यातील हे मराठी तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि गोंडांची गोंडी, असा हा मुलूख. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद हा देवगडचा गोंड राजाच होता. असा इतिहास एका भाषेत कसा मावावा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्यातला एखादा गोटा उद्या काचेच्या कपाटात ठेवला, तर परक्यास तो निव्वळ दगडच दिसेल. त्यामागची श्रद्धा, ईर्षा आणि दुखापती सांगावयास शब्दच हवेत.

तथापि, कोड ही केवळ किल्ली होय. दालन रिकामे असेल, तर किल्ली काय कामाची? छिंदवाड्यास १९५४ साली स्थापन झालेले आदिवासी संग्रहालय आज बादल भोई यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे मांडलेल्या जीवनाची ओळख गोंडीत वाचावयाची, तर ती आधी कोणी तरी गोंडीत लिहिली पाहिजे. मसराम गोंडी लिपी २०१७ साली व गुंजाला गोंडी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. अक्षरांची उणीव भरून निघाली. आता मजकूर हवा. तो यंत्र देणार नाही. जाणत्या वृद्धांच्या तोंडून ऐकून, पारखून, गावच्या शिकलेल्या मुलामुलींनीच तो लिहावयाचा आहे. आणि ते वृद्ध आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.