कुंडलचे पाणी : वस्त्रगाळ ते वाळूगाळ

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे दिगंबर जैनांचे जुने तीर्थक्षेत्र असून तेथील डोंगरांवरील झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही स्थाने विशेष प्रसिद्ध आहेत. पाणी दुपदरी जाड वस्त्रातून गाळून प्यावे आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल तिच्यातच अलगद परत सोडावेत, हा जैन आचार मुळात अहिंसेचा. आरोग्याचा लाभ त्याच्या मागून येतो. तो लाभ काल्पनिक नाही, कारण बांगलादेशात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांमध्ये पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले. वस्त्राची मर्यादा मात्र घागरीपुरती असते. गावाला पुरेल इतके पाणी गाळायचे तर हिशेबच बदलतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी कुंडल औंध संस्थानात होते आणि कुंडल रोड हे जवळचे रेल्वे स्थानक होते. त्या स्थानकालगतच्या ओसाड माळावर, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला आणि १९२६ साली तेथे सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे फिरत्या पंख्याच्या जोरावर पाणी उचलणारे यंत्र, तयार झाले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात पंपाला मिळालेले मानाचे पान गाळणीच्या वाट्याला आलेले नाही, आणि हे काहीसे अन्यायाचे आहे. कारण पंप तोकडा पडला तर बदलता येतो, पण वाळूच्या थराचे क्षेत्रफळ एकदा बांधकामात चुकले की ती चूक वर्षानुवर्षे गावाच्या नळातून वाहत राहते.

वाळूच्या थराचा हिशेब जुना आहे. लंडनमध्ये चेल्सी येथील पाणीपुरवठ्यासाठी जेम्स सिम्पसन यांनी १८२९ साली बांधलेली संथ गाळणी एक एकराची होती. अशा गाळणीत वाळूच्या पृष्ठभागावर सजीवांचा पातळ पापुद्रा धरतो आणि रोगजंतूंना अडवण्याचे बरेचसे काम तोच करतो, म्हणून प्रत्येक चौरस मीटरवरून तासाला साधारण १०० ते २०० लिटरच पाणी सोडले जाते. पुढे १८९२ च्या सुमारास अमेरिकेतील ॲलन हेझन यांनी वाळूला मापे दिली. वाळवलेली वाळू एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून हलवायची. वजनाने दहा टक्के वाळू ज्या मापाच्या छिद्रातून खाली जाते ते तिचे ‘परिणामकारक माप’, आणि साठ टक्क्यांच्या मापाला दहा टक्क्यांच्या मापाने भागून येतो तो ‘एकसारखेपणाचा गुणांक’. संथ गाळणीला ०.२ ते ०.३ मिलिमीटरची बारीक वाळू चालते, तर वेगाने पाणी सोडणाऱ्या जलद गाळणीला ०.४५ ते ०.७० मिलिमीटरची आणि गुणांक १.३ ते १.७ असलेली निवडक वाळू लागते. बांधकामासाठी नदीतून आणलेली वाळू तशीच टाकून भागत नाही.

दहा हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरले तर रोज साडेपाच लाख लिटर पाणी लागते. गाळणी चोवीस तास चालली तर तासाला सुमारे २३ घनमीटर पाणी येते आणि तासाला प्रत्येक चौरस मीटरवरून १०० लिटर या गतीने संथ गाळणीला जवळजवळ २३० चौरस मीटर जागा लागते, तर प्रत्येक चौरस मीटरवरून तासाला ५ घनमीटर गतीच्या जलद गाळणीला पाच चौरस मीटरांच्या आतच, अर्थात एक थर धुण्यासाठी बंद असताना दुसरा हवा हे वेगळे. मात्र वीज आठच तास मिळाली आणि कच्च्या पाण्याची साठवण टाकी नसली, तर दोन्ही क्षेत्रफळे तिप्पट होतात. संथ गाळणी अशी रोज बंद-चालू केल्यास तो सजीव पापुद्राही दुबळा होतो. शिवाय पावसाळ्यात या भागातल्या कृष्णा नदीचे पाणी इतके गढूळ असते की संथ गाळणी लवकर तुंबते. म्हणूनच अशा ठिकाणी तुरटीने गाळ बसवून मग जलद गाळणी आणि उलट्या प्रवाहाची धुलाई, म्हणजे बॅकवॉश, ही पद्धत सोयीची ठरते.

वाळूनंतर वास आणि रंग काढण्यासाठी वापरला जाणारा सक्रिय कोळशाचा थर क्षेत्रफळापेक्षा वेळेवर मापला जातो. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना वास, रंग आणि सेंद्रिय द्रव्ये चिकटण्यास अवधी लागतो. तो दहा मिनिटे धरला तर वरील २३ घनमीटरच्या प्रवाहाला जवळजवळ चार घनमीटर कोळसा हवा. हा थर वाळूच्या नंतरच असावा लागतो, नाहीतर गाळानेच छिद्रे बुजतात; आणि कोळसा क्लोरीनही शोषत असल्यामुळे निर्जंतुकीकरणाचा अखेरचा डोस त्याच्यानंतर द्यावा लागतो.

हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही होतो, पण महाराष्ट्रात करवंटी न जाळताही गाळणीत उतरली. नागपूर जिल्ह्यातील रामटेकला १९७३ साली अभियंता जे. एन. कर्डिले यांनी उभारलेल्या स्वस्त जलशुद्धीकरण केंद्रात बारीक वाळूच्या वर करवंटीच्या तुकड्यांचा थर होता. करवंटी वाळूपेक्षा हलकी असल्यामुळे धुलाईत उसळली तरी वाळू खाली बसल्यावर ती पुन्हा वाळूच्या वरच येऊन बसते, आणि मोठा गाळ आधी करवंटीतच अडकल्याने खालची वाळू उशिरा तुंबते.