विद्युत्‌-भट्टीची तार

अग्नीला वश करून घेण्याची विद्या मनुष्यास प्राचीन काळापासून अवगत आहे. कुंभाराचा आवा, लोहाराची भट्टी, सोनाराची शेगडी हीं तिचींच रूपें होत. परंतु या सर्वांत इंधन जळे आणि भट्टी टिके. विद्युत्‌-भट्टी अवतरली तेव्हां हा क्रम पालटला. तेथें लांकूड नाहीं, कोळसा नाहीं, धूरहि नाहीं. तापणारी तार हाच त्या भट्टीचा प्राण झाला. आणि जी वस्तु स्वतः तापून दुसऱ्यास तापविते, तिला केव्हां तरी झिजावेंच लागतें. म्हणून विद्युत्‌-भट्टीचा इतिहास हा एका अर्थीं जळालेल्या तारा बदलण्याचा इतिहास आहे.

तत्त्व साधें होतें. प्रवाहामुळें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणांत असते, हा नियम इंग्लंडांतील जेम्स ज्यूल यांनीं १८४१ सालीं प्रसिद्ध केला. सूत्र हातीं आलें, पण त्यास साजेशी तार मिळेना. लोखंडाची तार स्वस्त खरी. परंतु ती लालबुंद होतांच हवेंतील प्राणवायु तिला खाऊं लागे, तिच्यावर खवले धरत आणि ती लवकरच तुटे. प्लॅटिनम हवेंत असा गंजत नाहीं आणि १७६८ अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळतहि नाहीं. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील हानाऊ येथील हेरायस यांच्या कारखान्यांत नळीभोंवतीं प्लॅटिनमची पातळ पट्टी गुंडाळून प्रयोगशाळांसाठीं भट्ट्या करीत. मात्र ही श्रीमंतांची सोय होती. पट्टी तुटली कीं आधीं तिजोरीकडे पाहावें लागे.

ही कोंडी अमेरिकेंत फुटली. अल्बर्ट मार्श यांनीं निकेल व क्रोमियम यांचा मिश्रधातु सिद्ध केला आणि १९०६ च्या फेब्रुवारींत त्यांना त्याचें पेटंट मिळालें. ऐंशी भाग निकेल व वीस भाग क्रोमियम हें प्रमाण पुढें रूढ झालें, आणि निक्रोम या नांवानें हा मिश्रधातु घरोघर पोंचला. विजेची इस्त्री, विजेची शेगडी, पाव भाजण्याचें यंत्र, इतकेंच नव्हे तर कारखान्यांतील मोठमोठ्या भट्ट्याहि त्याच्याच बळावर चालूं लागल्या.

निक्रोम मुळींच जळत नाहीं असें नव्हे. तो किंचित्‌ जळतो, आणि म्हणूनच टिकतो. तापतांना त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन एक पातळ, घट्ट थर तयार होतो, आणि तो थरच आंतील धातूचें चिलखत बनतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, या म्हणीचा प्रत्यय येथें अगदीं निराळ्या रीतीनें येतो.

पण या चिलखतासहि मर्यादा आहे. भट्टी तापली कीं तार प्रसरण पावते, निवली कीं आकुंचते. या ओढाताणींत थराला भेगा पडून त्याचे पापुद्रे सुटतात. नवा थर धरण्यासाठीं पुन्हां क्रोमियम खर्ची पडतें. असें होतां होतां तार कोठें तरी बारीक होते. बारीक झाली तेथें तिचा रोध वाढतो, म्हणून ती तेथें अधिक तापते. अधिक तापली म्हणून अधिक झिजते. आणि अखेर नेमकी तेथेंच तुटते.

घरांतील शेगडीची तुटलेली तार दोन्ही टोकें एकमेकांत अडकवून पुन्हां चालू करण्याची युक्ति पुष्कळांच्या परिचयाची आहे. ती फसते कां, याचें उत्तरहि यांतच आहे. तार आंखूड झाल्यानें रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि सगळीच तार प्रमाणाबाहेर तापते. शिवाय सैल सांधा हा नवा दुबळा बिंदु ठरतो. भट्टीच्या बाबतींत ही काटकसर फारच महाग पडते, कारण तार मध्येंच तुटली तर आंतील सबंध माल वायां जाण्याचा संभव असतो. म्हणून जाणता कारागीर मुख्य प्रवाह तोडून भट्टी पूर्ण निवूं देतो, जोडण्यांची आकृति काढून ठेवतो, आणि पूर्वीच्याच जाडीची व लांबीची नवी तार बसवितो. नंतर तो भट्टी एकदां रिकामीच तापवितो, कीं तारेवर तें संरक्षक कवच नीट धरावें.

पुढचें पाऊल स्वीडननें टाकलें. हाल्स्टाहामार या गांवीं हान्स फॉन कान्ट्सोव्ह यांनीं १९२० नंतरच्या दशकांत लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातु तयार केला. संशोधकाचें व गांवाचें नांव जोडून त्यास कान्थाल म्हणूं लागले. १९३१ सालीं त्या नांवाची कंपनी स्थापन झाली. याचें कवच ॲल्युमिनियमच्या भस्माचें, म्हणून अधिक चिवट. निक्रोमची तार १२०० अंशांच्या आसपास थकते, तर कान्थालच्या उत्तम प्रती १४०० पर्यंत जातात. परंतु एकदां तापलेली ही तार थंडपणीं ठिसूळ होते. वाकवूं गेल्यास कट्‌कन मोडते. ती वळवावयाची तर आधीं गरम करावी लागते.

त्याहून प्रखर उष्णतेसाठीं सिलिकॉन कार्बाइडच्या कांबी आल्या. हा पदार्थ अमेरिकेंतील एडवर्ड ॲचेसन यांनीं १८९१ सालीं माती व कोकची भुकटी विद्युत्‌प्रवाहानें तापवीत असतां शोधला. या कांबी तारेसारख्या बारीक होत नाहींत, म्हाताऱ्या होतात. वापरानें त्यांचा रोध वाढत जातो व विजेचा दाब हळूहळू चढवावा लागतो. एकाच जुन्या कांबेच्या जागीं नवी घातली तर भार विषम वांटला जातो. म्हणून त्या सहसा संचानेंच बदलतात.

१९५६ सालीं कान्थाल कंपनीनेंच मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांच्या संयुगाचीं तापक अंगें बाजारांत आणलीं. त्यांवर कांचेसारखा सिलिकेचा थर धरतो, त्यांचा रोध वयानें फारसा बदलत नाहीं, आणि म्हणून जुन्याशेजारीं नवें बिनधोक बसवितां येतें.

प्लॅटिनमपासून येथवर आलें असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. कधींच न जळणाऱ्या वस्तूचा शोध घेत मनुष्य निघाला; हातीं मात्र शिस्तीनें जळणाऱ्या वस्तु आल्या, आणि त्याचें काम त्यांनींच भागविलें.