कपाळाचा देठ

कवटीच्या तळाची गाठ नाकातून दुर्बीण घालून काढतात. या शस्त्रक्रियेची कुळकथा बहुतेक जण दुर्बिणीच्या अंगाने सांगतात. १९०७ साली इन्सब्रुकला हेरमान श्लोफरने नाक बाजूने उघडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढली, १९१० साली व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शने नाकपुडीतूनच वाट धरली, अमेरिकी शल्यक कुशिंगने वरच्या ओठाखालून नाकात शिरणारी वाट गाजवली आणि पुढे सोडून दिली. मग हॅरल्ड हॉपकिन्सची काचेच्या कांड्यांची दुर्बीण आली आणि नव्वदच्या दशकात पिट्सबर्गच्या जो आणि करौ यांनी तिच्यावर ही पद्धत बसवली. हे सगळं खरंच आहे. पण गाठ दिसली आणि निघाली, एवढ्याने काम संपत नाही.

तळाचं हाड आणि मेंदूवरचं आवरण उघडलं की मेंदू आणि नाक यांच्यामध्ये भोक राहतं. त्यातून मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपतं आणि उलट वाटेने जंतू वर चढतात. सुरुवातीला मांडीवरची चरबी आणि स्नायूवरचं आवरण तिथे बसवत. मोठं भोक असेल तर पाचातल्या एखाद्याचं तरी पाणी गळायचंच. २००६ साली अर्जेंटिनातल्या हदाद आणि बसागास्तेगी यांचा फ्लॅप, म्हणजे देठावर राखलेली झालर, प्रसिद्ध झाला आणि हे चित्र पालटलं. नाकाच्या पडद्यावरची श्लेष्मल त्वचा ते सोलून काढतात, पण मागच्या बाजूला एका धमनीचा देठ तसाच ठेवतात. गाठ निघेपर्यंत ही झालर घशाच्या वरच्या पोकळीत दडपून ठेवायची आणि शेवटी उलटून भोकावर पसरायची. ती जागची हलू नये म्हणून खालून बऱ्याचदा फोलीच्या नळीचा फुगा फुगवतात, म्हणजे मूत्राशयासाठी केलेली वस्तू इथे मेंदूच्या कामी येते. देठातून रक्त येत राहतं, म्हणून झालर जिवंत राहते आणि धरते. गळतीचं प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास उतरलं. माझ्या मते ही शस्त्रक्रिया खरी वयात आली ती या देठामुळे.

आता ज्या दुव्याने मला झपाटलं तो. पडद्याची त्वचा आधीच्या शस्त्रक्रियेत गेली असेल तर काय करायचं? २००९ साली अमेरिकी शल्यकांनी उपाय मांडला: कपाळाच्या कातडीखालचं, कवटीला लागून असलेलं आवरण दुर्बिणीने सोडवायचं, भुवयांच्या वरच्या धमन्यांवर त्याचा देठ राखायचा आणि नाकाच्या मुळाशी हाडाला खिडकी पाडून ते आत घ्यायचं.

भुवयांमधला हाच देठ पुण्याजवळ १७९४ च्याही आधी एकाने राखला होता. टिपूने नाक आणि एक हात कापलेला कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा बैल हाकणारा त्याच्याकडे आला. करणारा वीटकाम करणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार, असं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलं. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली आणि कातडी सोलली, फक्त दोन डोळ्यांमधली पट्टी तेवढी ठेवली. मग कातडी पिळून खाली आणली आणि पाण्यात भिजवलेल्या काताच्या लेपाच्या पट्ट्यांनी चिकटवली. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाचे बोळे लावले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली.

सुश्रुताकडे थेट धाव घेणाऱ्यांशी माझं पटत नाही. सुश्रुत पानाने माप घेऊन गालाची कातडी घेतो, पुण्याचा कारागीर मेणाने माप घेऊन कपाळाची. ही विद्या पोथीतून नव्हे, हातून हाती आलेली होती, असं माझं ठाम मत आहे. या देठाचा दुसरा दावेदार इटलीतल्या बोलोन्याचा शल्यक टाल्याकोत्सी. १५९७ चं त्याचं पुस्तक दंडाची कातडी नाकाला जोडायला सांगतं आणि देठ तिथेही आहे. पण त्या रीतीत रोग्याला हात डोक्याशी बांधून दिवस काढावे लागत. १८१४ साली कार्प्यूने लंडनमध्ये पुण्याची रीत केली, १८१६ साली पुस्तक लिहिलं. बर्लिनला ग्रेफे आणि डीफेनबाख यांनी ती पुढे नेली आणि जर्मन भाषेतल्या शल्यविद्येत ती रुळली. त्याच मुशीत घडलेल्या हिर्शने पुढे, नाझींमुळे व्हिएन्ना सोडून बॉस्टनला गेल्यावर, १९५२ साली पाण्याची गळती पडद्याच्या देठदार त्वचेने नाकातूनच बुजवल्याचं लिहिलं. हदादचा फ्लॅप त्या घरातला आणि हिर्शचं घर पुण्याशी जोडलेलं, असं मी मानतो.

यावर आक्षेप येईल की पुण्यात देठ अखेर कापला जात होता, नाकाच्या आत तो कायम राहतो, मग ही एकच पद्धत कशी? पण 'जंटलमन्स मॅगझिन'मधला मजकूर नीट वाचावा. पट्टी कापताना नवं नाक दिसायला चांगलं व्हावं म्हणून आणखी थोडं सोलावं लागतं, असं तिथे लिहिलं आहे. पट्टी पिळलेली होती आणि चेहऱ्याच्या ऐन मध्यावर होती, म्हणून ती कापली. नाकाच्या पोकळीत देठ कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही, त्यामुळे तो कापण्याचं कारणच उरत नाही.