ग्रंथ हाती घेताना : पंडिता रमाबाईंचे बायबलवाचन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा वर्गातील एक दंडक मी आपल्यापैकी अनेकांकडून ऐकला. धडा वाचून झाला की ते म्हणत, “आता पुस्तक मीट आणि काय कळले ते तुझ्या शब्दांत सांग.” आजचा माझा विषय या एका वाक्याचाच विस्तार आहे.

सिल्व्हासात माझ्या परिचयाचे एक निवृत्त पाळक आहेत. त्यांच्या मेजावर बायबलची दोन-तीन मराठी भाषांतरे उघडी असतात. एकदा त्यांनी मला ‘पश्चात्ताप’ या शब्दावर थांबविले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे असा आहे. आपला शब्द मात्र मागाहून होणाऱ्या तापाचा, जळण्याचा. “चाळीस वर्षे मी लोकांना जळायला सांगत आलो, वळायला सांगायचे राहून गेले,” असे ते म्हणाले. आयुष्यभर मराठी शिकवूनही या शब्दाकडे मी असे कधी पाहिले नव्हते, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

बायबल मराठी माणसापर्यंत कसे आले, ते थोडक्यात पाहू. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पण ते भाषांतर नव्हे, ती पुराणाच्या घाटात सांगितलेली कथा होय. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली. सिल्व्हासा 2 ऑगस्ट 1954 रोजी ज्या सत्तेतून मुक्त झाले, तीच ही सत्ता. कॅथलिक उपासनेत लोकभाषांना मोकळी वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या सुमारास. प्रॉटेस्टंटांकडे चित्र निराळे होते. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने श्रीरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये आणि संपूर्ण नवा करार 1811 मध्ये मराठीत छापला. ग्रंथ हाती आला. पण तो वाचायचा कोणाच्या डोळ्यांनी, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाला सर्वांत निर्भयपणे सामोऱ्या गेल्या त्या पंडिता रमाबाई (1858–1922). पिता अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे अनेकांचा इतिहास संपतो. खरा इतिहास मात्र येथून सुरू होतो. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा अलौकिक जन्म, धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी रमाबाईंनी आपल्या हितचिंतक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कठोर वाद घातला. ग्रंथ मी स्वीकारला आहे. त्याचा अर्थ दुसऱ्याने ठरवून द्यावा हे मी स्वीकारलेले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. ही पत्रे 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली आहेत. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावीत.

परदेशात, परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या, पदरी लहान मुलगी असलेल्या विधवेने हे लिहावे, यातील धोका लक्षात घ्या. आणि मायदेशी तरी काय वाढून ठेवले होते? 1889 मध्ये मुंबईत काढलेले ‘शारदासदन’ पुढच्याच वर्षी पुण्यास आले. तेथील मुली धर्मांतराकडे झुकतात, या कारणावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. धर्मगुरूंना त्या उद्धट वाटल्या, स्वजनांना परक्या.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. जुन्या भाषांतरांतील पंडिती शब्द वेदान्ताचे अर्थ नकळत आत आणतात आणि खेड्यातील बाईला ते कळतही नाहीत, असे त्यांचे मत होते. छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. 1921 मध्ये कन्या मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

त्यांचे भाषांतर फारसे रूढ झाले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. संस्कार असलेले शब्द वगळताना भाषेची लयही काही ठिकाणी हरवते. शिवाय शब्दाला वारसा असतो. तो पुसता येत नाही. हिब्रूतील एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी येतो. मराठीत एक निवडला की दोन सुटतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमका उलटा मार्ग धरला. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग-ओवीचा वारसा टाकला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. रमाबाईंनी शब्द गाळून पाहिले, टिळकांनी शब्द भरून पाहिले. दोघांनीही अर्थ उसना घेतला नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. वर्गात रमाबाई शिकविताना त्यांचा बाप्तिस्मा मी एका वाक्यात उरकीत असे आणि भाषांतराचा उल्लेख कित्येकदा गाळीत असे. तो विषय अडचणीचा वाटे. ज्या कामासाठी एका विदुषीने अखेरची वर्षे वेचली, तेच मी विद्यार्थ्यांपासून दूर ठेवले. ही चूक आज आपल्यासमोर कबूल करतो.

या परिसरातील कितीतरी वारली, कोकणा मुले घरी एक बोली बोलतात आणि शाळेत दुसऱ्याच भाषेतील पुस्तक उघडतात. ग्रंथ बायबल असो, गीता असो वा इयत्ता चौथीचे पाठ्यपुस्तक. तो आधी परकाच असतो. शब्दाशी थांबणे, शंका विचारणे आणि आपल्या बोलीत तो सांगून पाहणे, एवढे केले तरच तो आपला होतो. पुस्तक मिटवून मुलाला बोलते करणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक होते. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.