फ्लीट फॉक्सेस

फ्लीट फॉक्सेस : अमेरिकेतील सिॲटल शहरात २००६ च्या सुमारास आकाराला आलेला इंडी फोक-रॉक बँड. एका मुख्य गायकामागे साथीचे आवाज, अशी रॉक बँडची नेहमीची मांडणी असते. या बँडची ओळख मात्र तीन-चार जणांनी एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवर गायलेल्या, एकमेकांत विरघळणाऱ्या सुरावटींत आहे.

गीतकार-गायक रॉबिन पेकनोल्ड आणि गिटारवादक स्कायलर शेल्सेट हे सिॲटलजवळच्या कर्कलंडमधील शाळासोबती. बॉब डिलन आणि नील यंग यांच्या गाण्यांच्या ओढीने ते एकत्र आले. पुढे केसी वेस्कॉट (कीबोर्ड) व क्रिस्टियन वार्गो (बास) सामील झाले. २००८ मध्ये जोशुआ टिलमन ड्रमवर आला. वेस्कॉट, वार्गो आणि टिलमन हे तिघेही गाणारे असल्याने वादकांचा हा संच स्वतःच एक छोटा गायकवृंद झाला. सुरुवातीला पैसा बेताचा होता. निर्माता फिल एक याच्याबरोबर पहिल्या अल्बमचे काम करताना बरेचसे ध्वनिमुद्रण सदस्यांच्या घरांत आणि पेकनोल्डच्या आईवडिलांच्या तळघरात उरकावे लागले.

‘सब पॉप’ या सिॲटलच्याच कंपनीने २००८ मध्ये आधी ‘सन जायंट’ हा छोटा संच आणि जूनमध्ये ‘फ्लीट फॉक्सेस’ हा अल्बम प्रकाशित केला. ‘निर्वाणा’ या बँडचा पहिला अल्बम काढणारी ही कंपनी आणि हे शहर कर्कश गिटारच्या ग्रंज संगीतासाठी ओळखले जाई. त्याच ठिकाणाहून आलेले हे मोकळे, घुमणारे गायन म्हणूनच अधिक उठून दिसले. मुखपृष्ठावर पीटर ब्रूगेलचे १५५९ मधील, शंभराहून अधिक डच म्हणी रंगवलेले चित्र होते. त्या वर्षी सुरू झालेला ब्रिटनमधील ‘अनकट’ मासिकाचा संगीत पुरस्कार सर्वप्रथम याच अल्बमला मिळाला.

या गायनात बीच बॉइज, क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश आणि अमेरिकन चर्चमधील जुने सामूहिक गायन यांचे संस्कार ऐकू येतात. ‘व्हाइट विंटर हिम्नल’ या गाण्याच्या आरंभी वाद्ये नसतात, एकच शब्दावली घेऊन आवाज एकामागोमाग एक दाखल होतात. आपल्या भजनात झीलकरी मुख्य गायकाचीच चाल उचलतात. येथे मात्र प्रत्येकाची वाट वेगळी असते. दोन आवाजांत गायला जाणारा गोव्याचा मांडो ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ही रचना चटकन उमगेल. या गाण्यांत शब्दांपेक्षा स्वरांच्या जुळणीतूनच भावना अधिक पोहोचते. काही ठिकाणी तर शब्द मुळीच नाहीत, नुसते आकार-ओकार आहेत, आणि बँडच्या सर्वोत्तम जागा बहुधा त्याच आहेत.

‘हेल्पलेसनेस ब्लूज’ (२०११) हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला आणि त्याला ग्रॅमी नामांकन मिळाले. २०१२ मध्ये टिलमन बाहेर पडला व फादर जॉन मिस्टी या नावाने प्रसिद्ध झाला. पेकनोल्डने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतल्याने बँड काही वर्षे थांबला. ‘क्रॅक-अप’ (२०१७) हे पुनरागमन अधिक गुंतागुंतीचे, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात दूरचे वाटते. ‘शोअर’ २२ सप्टेंबर २०२० रोजी, शरद संपाताच्या क्षणी प्रसिद्ध झाला. महासाथीमुळे सहकारी एकत्र येऊ शकत नव्हते. या अल्बममधील ‘कॅन आय बिलीव्ह यू’साठी पेकनोल्डने इन्स्टाग्रामवरून शेकडो चाहत्यांचे आवाज मागवून ते एकत्र गुंफले.