सेवेतून घडलेली श्रद्धा : नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा १८९५ मधील बाप्तिस्म्यापाशी थांबते. त्यांच्या ख्रिस्तभक्तीला स्वतःचे रूप लाभले ते मात्र त्यानंतरच्या सेवाकाळात. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगर येथे त्यांनी अध्यापन व धर्मोपदेश केला. नगरकडील मंडळ्यांत ग्रामीण व अस्पृश्य मानलेल्या समाजांतील लोक पुष्कळ होते. परक्या चालींवरील भाषांतरित गीते अशा श्रोत्यांच्या अंतःकरणास भिडत नाहीत, हे जाणून टिळकांनी भजन, अभंग व कीर्तन यांचा अवलंब केला. श्रोत्यांसाठी योजिलेली ही वाणी त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेचीही वाणी झाली. तुकोबांच्या वाटेने आलेला हा भक्त ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून आळवू लागला.

पुढे याच श्रद्धेला वेतन व पंथभेद यांची चौकट अपुरी पडली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. या त्यागास मिशनसेवेचे केवळ अपयश म्हणता येणार नाही. ज्या सेवेने त्यांची श्रद्धा वाढविली, तिची मर्यादा त्या श्रद्धेनेच दाखवून दिली.